नुसतं हालू

हालू नका.

उभ्या आयुष्यात देवाचं नाव जेवढं घेतलं नसेल तेवढे हे दोन शब्द मी बोललो. बायको म्हणते, मी झोपेतही बोलतो. आता दुकान मुलगा बघतो आणि त्याच्या कॅमेऱ्याला या शब्दांची काही गरजच पडत नाही. खट्ट केलं की झालं. गिऱ्हाईक नाचत असलं, शिंकत असलं, तरी फोटो येतो. ते बघून मला थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू? आम्ही माणसं हालू नयेत म्हणून जन्म घालवला, आणि यांनी तो प्रश्नच मिटवून टाकला!

मी मूळचा हुलसूरचा. आमच्याकडं ‘हलू नका’ असं शुद्ध कुणी म्हणत नाही, ‘हालू नका’ म्हणतात. वाचकांनी हा काना जपून ठेवावा. पुढं तो लागणार आहे.

संपादकांनी मला गिऱ्हाइकांच्या गमती लिहायला सांगितल्यात. गमतींना काय तोटा! निजामी अमदानीत गुलबर्ग्यात आमच्या उस्तादांच्या, चाचांच्या स्टुडिओत मी कामाला होतो, तेव्हा एक वकीलसाहेब आले होते. चांगला बाजूनं उजेड घेऊन मी त्यांचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी फोटो परत घेऊन हजर. म्हणाले, “एकच कान कामून आलाय? दुसरा कुठाय?” मी म्हटलं, “पलीकडं आहे, साहेब.” तर म्हणाले, “पलीकडं हाय ते मला म्हाईत हाय. बघणाऱ्याला कसं कळंल?” शेवटी समोरून दोन्ही कानांचा फोटो काढला, तेव्हा कुठं गडी शांत झाला. दुसरा एक पैलवान. त्याला मी सांगितलं, हालू नका. त्यानं श्वासही धरून ठेवला, छाती फुगवून. मी कापडाखालून बाहेर येतो तोवर हा धाडकन खाली. तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणला, तर पहिला प्रश्न काय? “आला का फोटू?”

पण आज मला सांगायचंय ते गंगव्वाचं. ती गिऱ्हाईक नव्हतीच म्हणा. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात दूध घालायची.

त्याआधी धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी. पुढं भिंग, मागं घासलेली काच. समोर जे असेल ते या काचेवर उलटं दिसतं. झाडं वरून खाली लोंबतात, माणसं डोक्यावर चालतात. ते नीट दिसावं म्हणून डोक्यावर काळं कापड घ्यायचं. सगळं जुळलं की काच बाजूला करून तिथं मसाला लावलेली प्लेट सरकवायची आणि भिंगाची टोपी काढायची. टोपी काढली की उजेड आत आला, घातली की बंद झाला. टोपी किती वेळ काढून ठेवायची, यात सगळं कसब. चाचा तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत वेळ धरायचे. मी पाढे म्हणायचो. लख्ख उन्हाला बेचा पुरायचा, ढगाला एकोणतीसचा लागायचा.

भिंगाचं भोकही लहानमोठं करता येतं. जवळचं आणि लांबचं दोन्ही स्वच्छ हवं तर भोक बारीक ठेवायचं. पण भोक बारीक केलं की उजेड कमी, मग टोपी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. आणि तेवढ्या वेळात जो हालला तो पुसला गेला. चालता माणूस तर उरतच नाही. चाचा दख्खनीत म्हणायचे, “मियाँ, जो ठैऱ्या सो रह्या, जो चल्या सो गया.” हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझा त्याच्यावर वेदवाक्यासारखा विश्वास बसला होता.

एके साली हैदराबादेहून एक साहेब आले. जुन्या इमारतींवर मोठं पुस्तक करत होते. त्यांना किल्ल्यातल्या मोठ्या मशिदीचे आणि तिच्या भोवतालचे फोटो हवे होते. ज्यांनी ती मशीद बघितली नाही त्यांना काय सांगू! तिला अंगणच नाही. सगळीच्या सगळी छपराखाली. वर घुमटच घुमट, खाली खांबांच्या रांगा, आणि कडेनं बुटक्या, रुंद कमानी. कमानींतून येणारा उजेड फरशीवर पडतो आणि तिथून वर चढतो. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा कॅमेरा उतरवायचा विसरून तसाच खांद्यावर घेऊन उभा राहिलो होतो.

साहेब माणूस भला होता. डोक्यावर सोला हॅट, बोलणं अदबीचं, स्वतःच्या थर्मासातला चहा मला द्यायचे. म्हणाले, स्पेन मुलुखात अशीच खांबांची मशीद आहे. पुढं तिथलं राज्य बदललं आणि तिचं मोठं गिरजाघर झालं. त्याच खांबांच्या मधे आता घंटा वाजते. त्या गिरजाघराचे फोटो त्यांच्याकडं होते. सुंदर होते. पण एकाही फोटोत माणूस नव्हता.

“हमें भी ऐसा ही चाहिए,” साहेब म्हणाले. “सिर्फ़ इमारत. आदमी नहीं, बकरी नहीं, रज़ाई नहीं.”

आता किल्ल्यात त्या वेळी वस्ती होती. मशिदीला खेटून घरं होती. भिंतीवर गोवऱ्या, कट्ट्यावर वाळत टाकलेल्या मिरच्या, उन्हाला घातलेल्या गोधड्या, कमानीत बसून कपडे शिवणारा शिंपी, अलीफ-बे घोकणारी पोरं. एवढ्या सगळ्यांना दिवसभर हाकलणार कोण? चाचांनी डोळा मारला. भोक बारीक करायचं आणि टोपी काढून पाढा म्हणत बसायचं. लोक आपले येतात जातात, काचेवर कुणीच उरत नाही. बसलेल्यांना तेवढं उठवायचं, बकऱ्यांना पाला दाखवायचा. साहेब पहिले ठसे, म्हणजे कागदावर उतरवलेले फोटो, बघून खूष! “खूब! बहुत खूब! एक भी आदमी नहीं!”

खरी पंचाईत आतल्या फोटोंची. आत उजेड थोडा, त्यामुळं टोपी फारच वेळ उघडी ठेवावी लागायची. पहिल्याच दिवशी मी आत, बाहेरच्या कमानीकडं भिंग करून, कॅमेरा लावला. समोरच्या एका खांबाला टेकून म्हातारे झाडूवाले बाबा बसले होते. ते गुडघ्यामुळं पटकन उठू शकत नव्हते, म्हणून चाचा म्हणाले, राहू दे, खांबाची उंची तरी कळेल. टोपी काढली आणि बाबांनी हात वर करून डोकं खाजवायला घेतलं. मी टोपी हातात धरून ओरडलो, “हालू नका! ओ बाबा, हालू नका!” छताखाली आवाज असा घुमला की चारी बाजूंनी ‘हालू नका, हालू नका’ ऐकू यायला लागलं.

एवढ्यात कमानीच्या बाहेर एक बाई येऊन उभी राहिली, नेमकी भिंगासमोर. कपाळावर विभूतीची पांढरी बोटं, हिरवं इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेवर पितळेची चरवी. आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“कोण रे तू? हितं उभा राहून सगळ्या किल्ल्याला वरडून सांगायलास, हालू नको, हालू नको! काय वाईट हाय रे माझ्या हालूत? पाणी घालते का मी? ये, बोट बुडवून बघ!”

माझ्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला. कानडीत हालू म्हणजे दूध! लहानपणापासून दोन्ही भाषा कानावर पडलेल्या, घरी मराठी आणि शेजारी कानडी, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. काळ्या कापडाखाली गेलं की माणसाला आईचीच भाषा सुचते, दुसरं काय! आणि ही बिचारी रोजचं दूध घेऊन मशिदीशी पोचते, तर आतून कुणीतरी गळा काढून ओरडतंय, दूध नको, दूध नको.

चाचा खांबाला धरून हसत होते. झाडूवाले बाबा डोकं खाजवायचं सोडून पोट धरून हसायला लागले. प्लेट गेली ती गेलीच. मी कसंबसं समजावलं, “अव्वा, तुमच्या दुधाला नाही म्हणत. हालू नका म्हणजे अळ्ळाडबेडि. हलायचं नाही.”

“मग तसं म्हण की! हालूला कामून मधे आणायलास?”

चरवीचं झाकण काढून तिनं त्यातच दूध ओतलं आणि माझ्या हातात दिलं. “कुडी,” म्हणाली. पी. तिच्या दुधात पाणी नाही याची साक्ष मी तिथंच, सगळ्यांसमोर, मिशी पांढरी करून दिली.

ही गंगव्वा. तेव्हापासून मी तिचा हालण्णा झालो.

आमचं काम बरेच दिवस चाललं आणि ती रोज यायची. ती कानडी मिसळून बोलायची, मी मराठीत, मधेच कुठंतरी भेटायचो. तिनं स्वतःच कायदा केला होता. “हे बघ हालण्णा, तू ‘हालू नका’ म्हटलास की मी दगड. नुसतं ‘हालू’ म्हटलास की मी दूध घेऊन येणार. पुन्हा म्हणशील, सांगितलं न्हाई.” आणि तशी वागायचीही. मी आतून ओरडलो की चालता चालता एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहायची, पोरं खिदळायची. तिला एरवी एका जागी मी कधी बघितलंच नाही. पहाटेपासून म्हशी, शेण, धार, गोवऱ्या, मग चरवी कमरेवर घेऊन घरोघर. जेवायचीसुद्धा चालत चालत.

तिचं घर मशिदीच्या कमानींसमोरच, भिंतीला पाठ लावून. नवरा जाऊन जमाना झाला होता. एकच लेक, शिवम्मा, तिला दुबळगुंडीला दिली होती. म्हैस व्याली की पहिला खरवस झाडूवाल्या बाबांना मशिदीत जायचा, ही तिच्या सासूपासूनची रीत. मी विचारलं, कामून? तर म्हणाली, “कामून काय? शेजार हाय.”

एक दिवस मी साहेबांना दाखवायला ठसे घेऊन चाललो होतो. गंगव्वानं वाटेत धरलं. बघू दे म्हणाली. मशिदीचा बाहेरून घेतलेला फोटो होता, कडेला तिच्या घराचा कोपरा. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

“हे आमचंच किल्ला हाय का?”

“मग कुणाचा?”

“मग आम्ही कुठाव? दिवसभर हितं मी धा येळा गेले आले. पोरं होती. शिंपी होता. कुणीच न्हाई की रे ह्याच्यात! पटकी येऊन गेल्यागत दिसतंय.”

मी तिला भोकाचं, टोपीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग फोटो माझ्या हातात परत देत अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आता तर खरंच कुणी न्हाई ऱ्हाणार. घरं उठवायचं ठरलंय. मशीद चारी बाजूनं मोकळी दिसाया पाहिजे म्हणं.”

मला हे ठाऊक नव्हतं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, हो, तसं ठरलंय, लोकांना खंदकापलीकडं जागा मिळणार आहे, चांगली जागा आहे. मी धीर करून विचारलं, “हुज़ूर, त्या स्पेनच्या गिरजाघराभोवती घरं नाहीत का?” “हैं क्यों नहीं,” साहेब म्हणाले, “बिलकुल चिपके हुए. गली पे गली.” एवढं बोलून ते थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसले. मग म्हणाले, “मियाँ, हर बात मेरे हाथ में नहीं.” ते खरंही असेल.

गंगव्वा घरासाठी भांडली नाही. सरकारची जागा, सरकार घेणार, एवढंच तिचं म्हणणं. तिला टोचत होतं ते वेगळंच. शिवम्माचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि गंगव्वानं लेकीला शब्द दिलेला होता की ज्या खोलीत तू झालीस त्याच खोलीत तुझंही होईल. शिवम्माचे दिवस भरत आलेले, ती येऊन पोचायच्या आत घर पडणार.

“माझी पोरगी येईल ती कुठं? माळावरच्या झोपडीत. त्याला माहेर म्हणायचं काय रे, हालण्णा? तिचं माहेर हे. ही भिंत, हे दार, हा घुमट. लहानपणी रुसली की दारात बसून घुमटावरची कबुतरं मोजायची.” पदरानं नाक पुसून ती म्हणाली, “तू एक फोटू काढ. घर पाहिजे, दार पाहिजे, घुमट पाहिजे, म्हस पाहिजे. आन् दारात मी. तिला म्हणते, हे घे तुझं माहेर.”

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मी काय दगड होतो?

प्लेटा मुंबईहून यायच्या आणि त्या खेपेच्या साहेबांच्या कामात संपत आल्या होत्या. चाचांनी पेटी उघडून एक प्लेट माझ्या हातात ठेवली. “ये तेरी. एकच हाय. सँभाल के.”

घर उतरवायच्या आदल्या दिवशी साहेबांचं काम आटोपून मी गंगव्वाच्या दारासमोर कॅमेरा लावला. उशीर झाला होता. बाकीच्या घरांची कौलं उतरवायचं सुरू झालेलं, त्यामुळं सगळीकडं धूळ. त्या धुळीत ऊन मातकट झालेलं. दार जवळ, घुमट लांब, दोन्ही स्वच्छ हवेत म्हणजे भोक बारीक करणं आलं, आणि या उजेडाला टोपी चांगलाच वेळ उघडी ठेवावी लागणार होती. मी गंगव्वाला बजावून सांगितलं.

“मला एकदा बघू दे की आत,” ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर काळं कापड धरलं. मग आतून आवाज आला, “यप्पा! आत्ताच पाडलास व्हय रे माझं घर? दार वर आन् घुमट खाली!”

बाहेर आली तेव्हा हसत होती, पण डोळे भरलेले होते.

ती दारात जाऊन उभी राहिली. धुतलेलं लुगडं, कमरेवर घासून लख्ख केलेली चरवी. मी म्हटलं, चरवी ठेव खाली. तर म्हणाली, चरवीशिवाय हात कुठं ठेवायचे तेच कळत न्हाई. शेजारी म्हैस, लक्ष्मी नावाची. साऱ्या धंद्यात मला तिच्याइतकं गुणी गिऱ्हाईक भेटलं नाही. दोघींना बघून मी प्लेट सरकवली, टोपी काढली आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला.

एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. गंगव्वा दगड. लक्ष्मी दगड. आणि तेवढ्यात शेजारच्या घराची कौलं उतरवणाऱ्यांनी वरून एक वासा सोडला. धुळीचा लोट उठला आणि लक्ष्मीनं मान हलवायचा विचार केलेला मला दिसला. सवय वाईट! मी ओरडलो, “हालू…”

पुढचा शब्द निघालाच नाही. धूळ थेट घशात गेली होती. मला असा ठसका लागला की डोळ्यांपुढं अंधारी आली. खोकतोय, ‘हालू’ म्हणतोय, परत खोकतोय, ‘नका’ काही केल्या येत नाही.

डोळे पुसून बघतो तर गंगव्वा माझ्यासमोर उभी. चरवी तिरकी करून झाकणात दूध ओततेय. “कुडी, यप्पा, कुडी. घसा सुकला लेकराचा. सकाळधरनं उन्हात उभा.”

भिंगाची टोपी अजून माझ्या हातातच होती.

मी ती घातली तेव्हा फार उशीर झाला होता. माझा चेहरा बघून तिला कळलं. “तू नुसतं हालू म्हटलास,” ती हळूच म्हणाली. “नका न्हाई म्हटलास.” कायदा तिचाच होता, आणि तिनं तो पाळला होता. दूध मात्र मी प्यालो. तेवढं न पिणं मला जमलं नसतं.

दुसरी प्लेट नव्हती. ऊनही संपलं होतं. सकाळी तिचं घर उतरलं. चार वासे, दार आणि म्हशीची दावण एका गाडीत घालून ती खंदकापलीकडं गेली. मी साहेबांचे ठसे काढत बसलो होतो, निरोप द्यायलाही गेलो नाही, जायचं तोंडच नव्हतं.

प्लेट धुतली तेव्हा जे वाटलं होतं तेच निघालं. घर स्वच्छ, घुमट स्वच्छ. दाराच्या फळीवरचे खिळे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. लक्ष्मीनं अखेर मान हलवलीच नव्हती, तिच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. म्हशीचा असा फोटो सगळ्या निजाम संस्थानात दुसरा नसेल. आणि दारात, जिथं गंगव्वा होती तिथं, एक पुसट सावली, मागच्या फळ्या तिच्यातून आरपार दिसत होत्या. तिथून एक पांढरी रेघ निघून कॅमेऱ्याकडं आलेली. बस. चाचांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर सारला, आणि जे मला ठाऊक होतं तेच म्हणाले. “क्या करते? जो चल्या सो गया.”

मी तो ठसा पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला आणि द्यायचं टाळत राहिलो. बाजाराच्या दिवशी झाडूवाले बाबा भेटले, म्हणाले, गंगव्वाला नातू झाला. तेव्हा चाचा माझ्यावर चिडले. “अरे, उसकी अमानत तेरे पास है, दे के आ! कैसा बी हो.” मग मात्र गेलो.

खंदकापलीकडं माळावर नवी घरं उठली होती. गंगव्वाचं दार लांबूनच ओळखलं, जुनंच दार होतं. आत बाजेवर शिवम्मा, मांडीवर बाळ. आईसारखीच दिसायला, पण बोलणं थोडं. दुबळगुंडीला राहून मराठी चांगली यायला लागली होती.

गंगव्वानं हात लुगड्याला पुसून फोटो घेतला. “हे दार! हे बघ शिवा, आपलं दार. घुमट! अग बाई, लक्ष्मी बघ कशी उभी हाय, राणीसारखी!” मग तिची नजर दारावरच फिरत राहिली. पुन्हा पुन्हा.

“मी न्हाई व्हय रे?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“असू दे,” ती म्हणाली. “म्हस तर आली.” फोटो लेकीच्या हातात देऊन ती वळली. “थांब, हालू आणते.” आणि ती झटकन बाहेर गेली. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

शिवम्मानं बाळ खांद्यावर घेतलं आणि फोटो दाराच्या उजेडाला नेला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “अण्णा, ही पांढरी रेघ कशाची हो?”

“चरवीची,” मी म्हटलं. “तुझी आई दारातून निघून आली ना माझ्याकडं, तेव्हा चरवी चमकली, तिची रेघ उमटली. अंगावरचं गडद लुगडं काही आलं नाही. चालणारं माणूस येत नाही फोटोत.”

तिनं रेघेवर बोट ठेवलं. दाराच्या सावलीपासून ते सरकवत सरकवत पार फोटोच्या कडेपर्यंत, जिथं मी उभा होतो तिथपर्यंत, आणलं. पुन्हा मागं नेलं, पुन्हा आणलं. आणि एकदम हसली.

“मग अव्वा हाय की!” ती ओरडली. “यव्वा! इल्लि बा! हितं ये! तू हायस ह्याच्यात!”

गंगव्वा चरवी घेऊन धावत आली. “कुठं?”

“ही की! हितनं निघालीस, हितं आलीस. हालू घेऊन यायलीस. दिसत न्हाई व्हय तुला?” शिवम्मानं आईचा हात धरून बोट त्या रेघेवर ठेवलं. “दारात गप उभी राहिलेली तुला मी जन्मात कधी बघितली हाय का? तशी आली असतीस ना यव्वा, तर मी वळखलंच नसतं.”

गंगव्वा फोटोकडं बघत राहिली. बोट रेघेवरनं दारापासून कडेपर्यंत हळूहळू फिरत होतं. मग तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक.

“हालण्णा,” ती म्हणाली, “मी तर सगळ्या फोटूभर हाय की रे!”

आणि तिनं चरवी तिरकी करून झाकण भरलं, माझ्यापुढं धरलं.

“हालू,” म्हणाली. नुसतं हालू.